जुने कापड, आजचे माप

‘आदरणीय ताई, मी कळव्याला राहते, वय २४. येत्या जुलैपासून ऐरोलीतील एका कंपनीत रुजू होणार आहे. पगारातून घरखर्चाला हातभार लावल्यानंतर कपड्यांसाठी महिन्याला १,५०० रुपयांहून जास्त बाजूला काढता येणार नाहीत. मला जुन्या वळणाचे कपडे मनापासून आवडतात. इन्स्टाग्रामवरच्या थ्रिफ्टच्या, म्हणजे वापरलेले कपडे विकणाऱ्या, दुकानांतून दोनदा कपडे मागवले, पण दोन्ही वेळा ते अंगावर नीट बसले नाहीत. घरी आजीची एक ट्रंक आहे. तिच्यात दोन इरकली लुगडी, एक जरीकाठी रेशमी साडी, आजोबांच्या टेरीकॉटच्या तीन पँटी आणि बाबांचे जुने शर्ट आहेत. आईला माझी ही आवड पटत नाही. “आपण बोहारणीला कपडे देणारी माणसे, लोकांचे उतरलेले कपडे घालणारी नव्हे,” असे ती म्हणते. कमी पैशांत नीटनेटके आणि माझे स्वतःचे वाटेल असे कसे राहायचे? आणि आईला काय सांगायचे?’
– एक वाचक, कळवा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन वाक्यांपाशी मी थांबले. एक म्हणजे मागवलेले कपडे दोन्ही वेळा अंगावर बसले नाहीत हे, आणि दुसरे तुमच्या आईचे. आईच्या वाक्याकडे मी शेवटी येईन, कारण त्याला घाईने उत्तर देणे बरे नाही. आधी मापाविषयी लिहिते, कारण जुन्या कपड्यांत पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच.

जुन्या कपड्याच्या पट्टीवर छापलेल्या ‘एम’ किंवा ‘३८’ या खुणेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीची मापे वेगळी असतात, काळानुसार ती बदलत गेली आहेत, आणि वापरलेला सुती कपडा अनेक धुण्यांनंतर आटलेलाही असतो. म्हणून तुम्हाला सर्वांत छान बसणारा एक कुर्ता, एक शर्ट आणि एक पँट घ्या, ते पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मोजा. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंतचे अंतर, काखेखालून छाती, कंबर, नितंबांवरची रुंदी, बाहीची लांबी आणि एकूण उंची, हे सारे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. विक्रेत्याकडे हीच मापे, कपडा सपाट ठेवून घेतलेली, मागा. सपाट मोजलेली छाती १९ इंच असेल तर कपड्याचा पूर्ण घेर ३८ इंच होतो, आणि न ताणणाऱ्या कापडात अंगाच्या मापाहून ३ ते ४ इंच मोकळीक लागते. तेव्हा तुमची छाती ३४ इंच असेल तर तो कपडा तुमचा, आणि ३७ असेल तर तो कितीही सुंदर दिसला तरी सोडून द्यावा. जो विक्रेता मापे देण्याची टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता शिंप्याचा शब्द वापरते: माया. शिवणीच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, आणि जुना कपडा घेण्याजोगा आहे की नाही हे मी आधी तो उलटा करून, त्यात किती माया आहे यावरून ठरवते. शिंप्याकडून मापावर शिवून घेतलेल्या जुन्या कपड्यांत बाजूला इंच-दीड इंच माया अनेकदा सापडते, कारण मूल वाढेल, लग्नानंतर अंग भरेल, हे गृहीत धरूनच कपडा शिवला जात असे. कारखान्यात ओव्हरलॉक करून, म्हणजे कापडाची कड धाग्याने गुंडाळत, शिवलेल्या कपड्यांत ती जेमतेम अर्धा इंच उरलेली असते. माया असेल तर कपडा उसवून सैल करता येतो, नसेल तर फक्त घट्ट करता येतो. बाजू आत घेणे, उंची कमी करणे, बाही आखूड करणे ही कोणत्याही गल्लीतल्या शिंप्याची कामे आहेत. खांदा आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल) यांचे मात्र तसे नाही. खांदा लहान करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापायचा आणि बाही पुन्हा चढवायची. अस्तर आणि खांद्यात गादी असलेल्या कोटाच्या बाबतीत तर हे काम फार थोड्या कारागिरांना साधते. काही वर्षांपूर्वी मी ठाण्यातल्या एका प्रदर्शनात ६०० रुपयांना लोकरी ब्लेझर घेतला. खांदे दीड इंच मोठे होते, ‘करून घेऊ’ असे मनाशी म्हटले, आणि त्या ‘करून घेऊ’पायी ब्लेझरच्या किमतीहून जास्त पैसे गेले. बाह्या शेवटपर्यंत वाकड्याच लोंबत राहिल्या. त्यानंतर खांदा बसत नसेल तर मी कपडा हातातून खाली ठेवते. तुम्हीही तसेच करावे असे मी आग्रहाने सांगेन.

यावरूनच तुमच्या पैशांच्या वाटणीविषयीचे माझे मत तयार झाले आहे. पहिल्या तीन महिन्यांचे मिळून तुमच्याकडे ४,५०० रुपये आहेत. त्यांतले निम्मे शिंप्यासाठी राखून ठेवा, आणि पहिल्या महिन्यात तर बाहेरून काहीच विकत घेऊ नका. १५० रुपयांचा शर्ट आणि २०० रुपयांची दुरुस्ती ऐकायला उलटी वाटते, पण मापात बसलेला तो ३५० रुपयांचा शर्ट तुम्ही आठवड्यातून एकदा घालाल, आणि न बसणारा १५० रुपयांचा शर्ट कपाटाच्या तळाशी जाईल. शिंपी निवडताना मोठ्या पाटीकडे पाहू नका. पहिल्यांदा एक साधे काम, म्हणजे पँटीची उंची कमी करण्याचे, देऊन बघा आणि आतली टीप सरळ आहे का ते पाहा. जो कारागीर कपडा घेण्याआधी तो उलटा करून पाहतो आणि ‘हे होणार नाही’ असे स्पष्ट सांगतो, त्याला धरून राहा.

सुरुवात ट्रंकेपासून करा. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यांत आधी आजोबांच्या पँटी बाहेर काढल्या असत्या. टेरीकॉट म्हणजे टेरिलीन आणि सूत यांचे मिश्र कापड. त्याची इस्त्री मोडत नाही, गर्दीत चुरगळत नाही आणि ते लवकर वाळते. जुलैत कळव्याहून ठाणे गाठायचे, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जायचे, पावसात पाय भिजणार आणि रात्री घरातल्या दोरीवर टाकलेली पँट सकाळी वाळलेली हवी, अशा दिनक्रमाला हे कापड फार सोयीचे आहे. त्याचा दोष इतकाच की ते घाम शोषत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये ते नको. त्या काळच्या पँटी अनेकदा उंच कमरेच्या, पुढे प्लेट्स घातलेल्या आणि पायांत सैल असतात. अशीच पँट आज नवी घ्यायला गेलात तर तुमचा जवळजवळ महिन्याचा हिशेब संपेल. पुरुषांच्या पँटीत मागच्या मधल्या शिवणीत भरपूर माया ठेवण्याची पद्धत आहे, आणि कंबर तिथूनच कमी-जास्त करता येते. पँट घालून पाहताना ती नितंबांवर बसते का एवढेच बघा. तिथे बसली तर कंबर आवळता येईल, तिथे अडली तर काही इलाज नाही. वर साधा सुती शर्ट खोचला, कमरेला पट्टा लावला, की कार्यालयासाठी तुमचा एक पूर्ण पोशाख तयार झाला, आणि त्यावर खर्च झाला तो फक्त शिलाईचा.

बाबांच्या शर्टांचे खांदे तुम्हाला मोठे होणार. मात्र सैल सुती शर्टात उतरलेला खांदा खपतो. कोटात जो दोष दिसतो, तोच इथे वळण म्हणून शोभतो. मनगटापर्यंत येणाऱ्या बाह्या दोनदा दुमडा. कॉलर घासून विरली असेल तर शर्ट टाकू नका. कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि तुमच्या आईला ती बहुधा माहीत असेल. शर्ट कार्यालयात एसीच्या गारव्यात कुर्त्यावर किंवा बनियनवर उघडा घालण्यासाठीही उपयोगी पडेल. प्लास्टिकच्या साध्या बटणांऐवजी शिंपल्याची किंवा नारळाच्या करवंटीची बटणे लावलीत तर त्याचा चेहराच बदलतो. बटणे, अस्तर, पायपिंग यांसाठी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात एक फेरी मारा.

लुगड्यांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे झालेली चूक दुरुस्त होत नाही. अखंड, धडधाकट इरकल कापून कुर्ता शिवू नका. नऊवार म्हणजे साधारण ८.२ मीटर. इतके हातमागाचे कापड एकदा कात्रीखाली गेले की ते पुन्हा लुगडे होत नाही, आणि तुमच्या वयाच्या आवडी पुढच्या दहा वर्षांत बदलणार आहेत हे मी अनुभवाने सांगते. आधी लुगडे उजेडात धरून विरलेल्या जागा शोधा. इरकलीचे अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात. मागावर ते फासे घालून एकमेकांत अडकवलेले असतात, आणि जुन्या इरकली त्या जोडापाशी आधी विरतात. जोड धड असेल तर लुगडे तसेच ठेवा. लुगड्याची सहावारी करून घेण्याची इच्छा असेल तर सहावारीला सुमारे साडेपाच मीटर लागतात, म्हणजे उरलेल्या कापडात एक कुर्ता निघू शकतो. पण हा निर्णय आईला विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन्हींपैकी एखादे मधोमध फाटलेले असेल, तर मात्र त्याचे काठ साध्या सुती कुर्त्याच्या बाहीला आणि घेराला लावा, आणि पदराचा जॅकेटसाठी किंवा ओढणीसाठी विचार करा. पदर आणि अंग यांच्या जोडावरून शिवण जाऊ देऊ नका.

रेशमी साडी तपासायची ती तिच्या घड्यांवर. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर कुजते. घडीच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून अगदी हलके ताणा. बारीक चिरा दिसल्या तर ती साडी नेसण्याचा आग्रह धरू नका. बसता-उठता ती फाटेल, आणि ते आईला फार लागेल. धड असेल तर घरच्या लग्नाकार्यात खुशाल नेसा, आणि ब्लाउज मात्र साधा, एकरंगी, आजच्या मापाचा नवा शिवा, कारण जुनी साडी अंगावर आजची दिसते ती बहुतेक ब्लाउजमुळे. डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला साडी उन्हात टाकू नका, रंग उडेल. दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर मोकळी ठेवा, आणि पुन्हा ठेवताना जुन्या धुतलेल्या धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबरगोळी किंवा अत्तर जरीला टेकू देऊ नका, तिची तार काळी पडते. वेखंडाचा तुकडा किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावा. घडी दर तीन-चार महिन्यांनी मोडून वेगळ्या रेषेवर घाला.

ट्रंकेतून काय निघते ते कळल्यानंतरच बाजाराकडे वळा, कारण तेव्हाच तुम्हाला नेमके काय कमी आहे ते समजेल. माझा अंदाज असा की तुम्हाला दोन साधे शर्ट, एक गडद जीन्स आणि एक हलका ब्लेझर लागेल, त्याहून फारसे काही नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपण ज्याला सरसकट ‘थ्रिफ्ट’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या वाटांनी आलेला माल असतो. पहिली वाट आपल्याच घरांतून बोहारणीच्या हाती जाणाऱ्या कपड्यांची, जे धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. दुसरी परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांची. त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि गुजरातेत कांडला इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यांची मोठ्या प्रमाणावर निवड होते. हे कपडे मुख्यतः थंड देशांतून येतात, म्हणून जाड कोट, लोकरी जॅकेट आणि मोठे स्वेटर फार सुंदर आणि फार स्वस्त दिसतात, पण ठाण्याच्या दमट हवेत ते वर्षातून दोन दिवसही अंगावर येत नाहीत. त्या मोहात पडू नका. तिसरी वाट एक्स्पोर्ट सरप्लसची, म्हणजे परदेशी मागणीसाठी शिवलेल्या पण जास्तीच्या किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेल्या नव्या मालाची. मुंबईत आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट याच मालासाठी ओळखली जाते. हा माल वापरलेला नसतो, त्यामुळे आईची हरकत त्याला लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे दोष शोधावा लागतो: एक पाय दुसऱ्याहून वळलेला, खिसा वरखाली, रंगाची छटा वेगळी. दोष आत लपणारा असेल तर घ्या, चालताना जाणवणारा असेल तर सोडा. जीन्ससाठी दूर जाण्याची गरज नाही. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा मोठा उद्योग आहे आणि कळव्याहून ते लोकलच्या अंतरावर आहे.

कपडा हातात आल्यावर तो दिवसाच्या उजेडात पाहा, दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नव्हे. काखा, कॉलरची आतली बाजू, पँटीच्या दोन पायांमधली जागा आणि खिशांचे कोपरे इथे झीज आधी दिसते. चेन तीन-चार वेळा वरखाली करा. लोकर किंवा रेशीम असेल तर कसर लागल्याची बारीक भोके शोधा. वास घ्या. घामाचा वास बहुतेकदा धुऊन जातो, पण बुरशीचा वास बहुधा राहतोच. कापड कशाचे आहे याविषयी शंका असेल तर घरी आल्यावर मायेतला एक धागा काढून, चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, रेशमाला व लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ‘शुद्ध रेशीम’ म्हणून विकलेल्या कपड्यांचे खरे रूप मला याच वाटीने अनेकदा दाखवले आहे. इन्स्टाग्रामवरून घेताना उजेडातला व्हिडिओ, डागांचे जवळून काढलेले फोटो आणि परत घेण्याची अट लेखी मागा, आणि ‘आत्ता पैसे पाठवा, नाहीतर दुसरी घेईल’ या घाईला बळी पडू नका.

वापरलेले बूट घेऊ नका. ते आधीच्या पायाच्या ठेवणीत बसलेले असतात, शिवाय फोमसारखे तळवे वर्षे उलटली की आपोआप भुगा होतात, वरून बूट नवा दिसत असला तरी. रेक्झिनच्या जुन्या पिशव्यांचे पापुद्रे निघतात. अंतर्वस्त्रे आणि ढिले पडलेले इलास्टिक यांच्याविषयी वेगळे सांगायला नकोच. बूट आणि रोजची पिशवी शिल्लक राहिलेल्या पैशांतून नवी घ्या. पाय आणि हात नेटके असले की बाकीचा जुना कपडा निवडून घातलेला दिसतो.

पोशाख जमवताना माझी एक साधी सवय आहे: अंगावर एका वेळी एकच जुनी वस्तू बोलकी असू द्यावी. आजोबांची पँट असेल त्या दिवशी शर्ट साधा, इरकली काठाचा कुर्ता असेल त्या दिवशी खाली एकरंगी सलवार, आजीची ठुशी घालायची असेल तर गळा मोकळा. सगळेच जुने एकत्र घातले की तो नाटकातला वेश वाटू लागतो, आणि कार्यालयात पहिल्या महिन्यात लोकांनी तुमचे काम पाहावे, वेश नव्हे. रंगांच्या बाबतीत पाच-सहा रंग ठरवून घ्या आणि त्यांच्याबाहेरचे स्वस्त मिळाले तरी आणू नका. तुमच्या ट्रंकेतले रंग तुम्हाला तो निर्णय करून देतील. इरकलीचा लाल, जांभळा किंवा हिरवा, पँटींचा राखाडी किंवा तपकिरी, शर्टांचा फिकट निळा, एवढ्यांतच पुष्कळ जोड्या बनतात.

आता आईविषयी. ‘उतरलेले कपडे’ या शब्दांत जो सल आहे तो खरा आहे आणि त्याला फॅशनच्या शब्दांनी उत्तर देऊ नये. ज्या पिढीने मोठ्या भावंडांचे कपडे निवड नसल्यामुळे वापरले, सणाला एकदाच नवा कपडा मिळवला, तिच्यासाठी मुलीच्या अंगावर नवा कपडा असणे ही कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. तुम्ही परक्याचा शर्ट हौसेने घालता तेव्हा आईला ते आपले कष्ट कमी पडल्यासारखे वाटत असेल. मी हे अंदाजाने लिहिते आहे, पण माझ्या आईच्या बाबतीत तसेच होते आणि मला ते उशिरा उमगले. म्हणून वाद घालण्याऐवजी क्रम बदला. पहिले काही महिने फक्त घरचेच जुने कपडे वापरा. आजोबांची पँट कुणा परक्याची उतरण नाही. आपल्याकडे बाळाला पहिली झबली आणि दुपटी जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचीच करतात, आणि तुम्हीही बहुधा तुमच्या आजीच्या लुगड्याच्या गोधडीवर वाढला असाल. जुने कापड आपल्या घरांत असे मायेने फिरत आले आहे, हे आईला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाहेरचा कपडा आणलात तर तो आईच्या डोळ्यांदेखत गरम पाण्यात भिजवा, धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि त्यानंतरच कपाटात ठेवा. रेशीम आणि लोकर एवढी मात्र गरम पाण्यापासून दूर ठेवा. ती थंड पाण्यात, रिठ्याने धुतात. इतके करूनही आईला परक्याचे कपडे नकोच वाटले, तर निदान घरात असेपर्यंत तिचे मन राखावे असे मला वाटते. एक्स्पोर्ट सरप्लस आणि ट्रंक एवढ्यातही तुमचे काम भागेल.

जुलैत रुजू होणार आहात, तेव्हा ही सारी धुण्यावाळवण्याची कामे मेमध्ये, ऊन कडक असतानाच उरकायला हवीत. पाऊस लागल्यावर ट्रंक उघडलीत तर दमटपणा आत शिरेल आणि बुरशी धरेल. शिंप्यांकडेही जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची गर्दी असते, म्हणून पँटी मेच्या मध्यापर्यंत द्या. लुगड्यांचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या रुमालाचे टोक कोपऱ्यावर दाबून आधी बघा. आणि ट्रंक उघडायला आईला सुट्टी असेल असा दिवस निवडा. कोणते लुगडे कधी आणि कुठून घेतले, कोणत्या पँटीची कंबर आधी एकदा सैल केली होती, ही माहिती तिच्याकडेच आहे, आणि कात्री लावण्याआधी ती तुम्हाला हवी आहे.